शिक्का, मोर्तब आणि डिजिटल स्वाक्षरी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. दगडावरील अक्षर गुपचूप बदलता येत नाही. कागदाचे तसे नसते. येथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील जुनी मराठी कागदपत्रे जतन केलेली आहेत. त्या काळच्या मराठी राज्यव्यवहारात पत्राच्या आरंभी शिक्का व मजकूर संपताच मोर्तब उमटविण्याची रीत होती. शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबामुळे शेवटच्या ओळीखाली कोणास भर घालता येत नसे.

आज आपले व्यवहार संगणकावर होतात आणि तेथे खाडाखोड दिसत नाही. रु. १०,००० च्या आदेशात एक शून्य वाढविले, तर डोळ्यांना काहीच संशय येणार नाही. म्हणूनच शिक्का व मोर्तब या दोहोंचे काम करणारी डिजिटल स्वाक्षरी आवश्यक ठरते.

दोन किल्ल्यांची जोडी

पूर्वी गुप्त संदेशासाठी दोन्ही पक्षांकडे एकच किल्ली असावी लागे. ती सुरक्षितपणे पोहोचवायची कशी, हाच प्रश्न असे. १९७६ मध्ये डिफी व हेलमन यांनी नवा मार्ग दाखविला. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी तो प्रत्यक्षात आणणारी ‘आरएसए’ पद्धत तयार केली. यात प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात : एक सार्वजनिक, सर्वांना देण्याजोगी, दुसरी खासगी, फक्त स्वतःची. सार्वजनिक किल्लीने बंद केलेला संदेश केवळ तिच्या जोडीदार खासगी किल्लीनेच उघडतो.

स्वाक्षरी करताना हाच क्रम उलटतो. प्रथम गणिती रीतीने मजकुराचा ठसा काढला जातो. मजकूर एक ओळीचा असो वा हजार पानांचा, ठशाची लांबी तीच राहते. मात्र एखादा स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्णतः वेगळा येतो. या ठशावर खासगी किल्लीचा वापर करून स्वाक्षरी तयार होते. घेणारा सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. वाढविलेले ते एक शून्य येथे तत्काळ उघडे पडते. सदर सार्वजनिक किल्ली अमुक व्यक्तीचीच आहे, याची ग्वाही परवानाधारक प्रमाणन प्राधिकरण प्रमाणपत्राद्वारे देते.

चिमुकल्या चिपचे सामर्थ्य

हे अवघड गणित आपल्या खिशातील कार्डही करते. कार्डाच्या चिपमध्ये बॅटरी नसते. यंत्रात घातल्यावर, किंवा यंत्राजवळ धरल्यावर रेडिओलहरींतून, तिला क्षणभर वीज मिळते. जुन्या चुंबकीय पट्टीवरील माहिती दर वेळी तीच असल्याने तिची नक्कल करणे सोपे होते. अनेक चिप कार्डांत यंत्र दर वेळी नवा अंक देते व चिप त्यावर स्वाक्षरी करते. आज पाहिलेले उत्तर उद्या उपयोगी पडत नाही.

अल्प विजेवर चालणाऱ्या उपकरणांसाठी १९८५ मध्ये कोब्लिट्झ व मिलर यांनी स्वतंत्रपणे सुचविलेली ‘इलिप्टिक कर्व्ह’ पद्धत विशेष उपयुक्त ठरली. आरएसएच्या ३०७२ बिटांच्या किल्लीइतकी सुरक्षितता तीत सुमारे २५६ बिटांत मिळते. किल्ली लहान, म्हणून स्मृती, वेळ व वीज यांची बचत होते.

जबाबदारी कोणाची?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली. याच कायद्याचे कलम ४२ मात्र अनेकांच्या वाचनात नसते. खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी वाजवी दक्षता प्रमाणपत्रधारकाने घेतली पाहिजे. ती इतरांच्या हाती गेल्यास प्रमाणन प्राधिकरणास विनाविलंब कळविले पाहिजे. आणि तसे कळवीपर्यंत दायित्व त्याचेच राहते.

अनेक व्यावसायिक सोयीपोटी स्वाक्षरीचे यूएसबी टोकन पिनसह हिशेबनिसाच्या हवाली करतात. हिशेबनीस कितीही विश्वासू असो, ही कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवण्यासारखीच गोष्ट आहे. म्हणून ग्राहकमित्रहो, टोकन स्वतःजवळ ठेवावे. पिन कोणास सांगू नये, टोकनवर चिकटवून तर मुळीच ठेवू नये. स्वाक्षरी करण्यापूर्वी मजकूर वाचावा. आणि टोकन हरवल्यास त्याच दिवशी कळवावे.

चिपमधील गणित मोडणे अतिशय कठीण आहे. पण मालकाने आपण होऊन दिलेली किल्ली कोणतेही गणित परत आणू शकत नाही. पूर्वी राजमुद्रा ज्या दक्षतेने सांभाळली जात असे, तीच दक्षता आज आपल्या प्रत्येकाकडून अपेक्षित आहे.