गव्हावाचून भरलेले ताट

कामगार संघटनेच्या माणसाने स्वयंपाकावर बोलायचे म्हटले की सभेत थोडी खसखस पिकते. पिकू द्या. मजुरीच्या मागणीत आम्ही ज्या पोटाचा हिशेब मांडतो, ते पोट अखेर घरच्या चुलीपाशीच भरते. आणि कधीकधी त्या चुलीपाशी असा पेच उभा राहतो की, डब्यात पीठ असूनही लेकराला काय खाऊ घालावे ते आईला कळत नाही. घरातल्या एकाला गहू चालत नाही, हा तो पेच होय. नांदेड-लातूरच्या माणसाने या पेचाला घाबरण्याचे कारण नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम गव्हात असे असते तरी काय, ते पाहू. कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि पाण्याखाली चोळत राहा. पांढरे पाणी निघून जाईल. तो पिठूळ भाग. हातात उरेल तो रबरासारखा ताणला जाणारा चिवट गोळा. त्यात मुख्यतः प्रथिने असतात आणि त्यालाच ग्लूटेन म्हणतात. पोळी लाटता येते, पाव फुगतो, तो याच्याच जोरावर. जव आणि राय या धान्यांतही त्याच कुळातली प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा यांत ती नसतात. खपली गहू चालतो, असे बाजारात कोणी सांगितले तर ऐकू नका. खपली हाही गहूच.

बहुतेकांना हे प्रथिन बाधत नाही. पण काहींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्यावर घाव घालते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखी बारीक लव असते; अन्नरस शोषण्याचे काम तिचे. ती झडली की खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेले पोट, न वाढणारी उंची, औषधाने न हटणारा रक्तक्षय, अशी त्याची लक्षणे. कुणात एकच दिसते, तर कुणात जवळजवळ काहीच दिसत नाही. या रोगाला सीलियाक म्हणतात. यावर आज उपाय एकच: जन्मभर गहू, जव आणि राय वर्ज्य.

गव्हाचा हा गुन्हा सिद्ध झाला तो हॉलंडमध्ये. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला १९३० नंतरच्या काळातच पावाचा संशय आला होता. १९४४–४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तेथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आणि सारा देश खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला. उत्तर भारतात, जेथे रोजचे अन्न गहू, तेथे शंभरात साधारण एकाला हा रोग आढळतो; दक्षिणेत त्याहून पुष्कळ कमी.

येथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. गव्हाची अॅलर्जी हा वेगळा विकार आहे; त्यात खाल्ल्यावर लवकरच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासही कोंडू शकतो. असे झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता तडक दवाखाना गाठावा. दुसरी गोष्ट, सीलियाकचा संशय असेल तर रक्ताची तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा आतड्याचा तुकडा तपासणे, हे गहू चालू असतानाच करावे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने आधीच गहू बंद केला की आतडे सुधारू लागते, रक्तातली खूण पुसट होते आणि निदान चुकते.

निदान झाल्यावर काय होते? आमच्या संघटनेतील एका हमालाच्या मुलीचे हे निदान झाले. पहिला महिनाभर घरच्यांनी शहरातल्या मोठ्या दुकानातून ‘ग्लूटेनमुक्त’ छापलेली बिस्किटे आणि पिठाची पाकिटे आणली. पोती वाहून मिळालेली हमाली त्या पाकिटांत जिरू लागली. शिवाय पोर एकटी, वेगळ्या ताटलीत, वेगळे खायची आणि पोळीकडे बघून रडायची. शेवटी तिच्या आजीने विचारले, “आमच्या लहानपणी घरात पोळी सणाला व्हायची. मग आम्ही काय उपाशी होतो का?” त्या म्हातारीच्या प्रश्नात सगळे उत्तर आले. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या घराची भाकरी सुरू झाली आणि मुलगी पंगतीला आली.

भाकरीमागे शास्त्र आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून पीठ गार पाण्यात बांधले तर थापताना भेगा पडतात. उकळते पाणी घातले की पिठातला पिठूळ भाग फुगून चिकट होतो आणि ग्लूटेनचे काम तो करतो. पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते. मळताना तळहाताने चांगले रगडावे, थापल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकण्याआधी उलटावी आणि शेवटी निखाऱ्यावर किंवा जाळावर फुगवावी. थापताना खाली घ्यायचे पीठही ज्वारीचेच असावे.

पण नुसत्या भाकरीवरही भागत नाही. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दाखवून दिले की, जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग दिसतो. दोष ज्वारीला एकटे ठेवण्यात होता. लातूरच्या तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, ताक किंवा अंडे भाकरीच्या जोडीला असले म्हणजे ताट भरले. शेंगदाण्यात तर पेलाग्राला रोखणारे जीवनसत्त्व भरपूर असते.

न्याहारीला पोहे, ज्वारीचे धिरडे, तांदूळ-उडदाचा डोसा किंवा ताकातल्या ज्वारीच्या कण्या कराव्यात. थालीपीठ ज्वारी, हरभरा डाळ आणि तांदूळ यांच्या भाजणीचे करावे. बाजारच्या भाजणीत गहू असतो. शाळेच्या डब्यात भाकरी कडक होते म्हणून पोरे कुरकुरतात; त्यांना मेथी आणि दही घालून ज्वारीचे धपाटे द्यावेत, ते मऊ राहतात. मधल्या वेळी लाह्या, राजगिऱ्याचा किंवा शेंगदाण्याचा लाडू द्यावा. एकादशीचे फराळ आठवा: भगर, साबुदाणा, राजगिरा. आपल्या आयाबायांना गव्हावाचूनचा स्वयंपाक पाठच आहे, फक्त त्याचे नाव उपवास आहे.

सणावारीही तेच. आपल्या वेळ अमावास्येला शेतात जे जेवण होते त्यातली भज्जी, आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे हे सारे चालण्यासारखे आहे. गव्हाची खीर तेवढी बाजूला ठेवून तांदळाची करावी. पुरणपोळीच्या दिवशी तांदळाच्या उकडीची पारी करून तिच्यात पुरण भरावे आणि वाफवून वर तुपाची धार धरावी. पोर पोळीची आठवण काढणार नाही.

खरा धोका उघड्या गव्हाचा नाही, लपलेल्या गव्हाचा आहे. बाजारच्या हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवरची बारीक अक्षरे वाचावीत, नाहीतर फोडणी लसणाची द्यावी. मेतकुटात गहू असतो. येसरातही अनेक घरी गहू भाजून घालतात. त्याऐवजी बाजरी आणि हरभरा डाळ घ्यावी. रवा, शेवया, कुरडई, टोस्ट, खारी हे सारे गव्हाचेच. दुधात घालायच्या माल्टच्या भुकटीत जव असते, सोया सॉसमध्ये बहुधा गहू. हॉटेलात समोसा तळलेल्या तेलातच भजी तळतात. ती भजी बेसनाची असली तरी चालत नाहीत.

आणि सर्वांत मोठी वाट पिठाच्या गिरणीची. आधी कुणाचे गव्हाचे दळण झाले असेल तर जात्याच्या पाळूत राहिलेला गहू आपल्या ज्वारीत उतरतो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम असा की, ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावे. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतून सांडलेली भुकटी! म्हणून घरचे जाते किंवा लहान घरगुती चक्की ज्वारी-तांदळासाठीच राखावी. चार घरांनी मिळून घेतली तर ओझेही वाटले जाते. घरात गहू राहणारच असेल तर परात, पोळपाट, चाळणी, तवा आणि पिठाचा डबा वेगळे ठेवून त्यांवर खूण करावी.

मग प्रसादाचे काय? नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला कडाह प्रसाद गव्हाच्या पिठाचा, सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. प्रसाद मस्तकी लावून वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावा. यात अश्रद्धा नाही. “एवढ्याशाने काय होते” म्हणणाऱ्या मावशी-काकूंना मात्र प्रेमाने, पण ठामपणे सांगावे की एवढ्याशानेच होते.

आता शेवटचा मुद्दा, जो आमच्या कामाचा आहे. मराठवाड्यात गहू हा पाहुण्याचा नि सणाचा मान होता. १९५६ साली अमेरिकेशी करार झाला, परदेशी गहू रेशनवर येऊ लागला. पुढे आपल्याच उत्तरेकडचा गहू आला. भुकेच्या दिवसांत त्याने माणसे जगवली, हे नाकारू नये. पण रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ स्थिरावले, शिवारात सोयाबीन पसरले आणि ज्वारी गरिबाच्या हातून निसटली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचे नाव आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले. नावे पुष्कळ झाली, आता पोत्यात ज्वारी हवी. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याला गव्हाऐवजी ज्वारी मिळावी, शाळेच्या आणि वसतिगृहाच्या पंगतीत त्याची सोय व्हावी, ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली, ती कामगार चळवळींच्या रेट्यामुळे. त्या उपाहारगृहात एक टोपली भाकरीची ठेवायला किती खर्च येतो?

ज्याला गहू चालत नाही त्याला वेगळे बसवू नका. त्याच्या ताटातली भाकरी आपल्या ताटात वाढून घ्या. तो आजारी म्हणून जेवणार नाही, घरचा म्हणून जेवेल. आणि आपल्यालाही आपली भाकरी परत मिळेल.