निकॉनची जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसते, पण चालते का? जुना कॅमेरा घेण्याआधी हे वाचा

लग्नसराई जवळ आली की गावोगावची पोरं जुन्या कॅमेऱ्याच्या शोधात लागतात. कुणी स्टुडिओ बंद करून सामान काढतो, कुणी मोबाईलवर जाहिरात टाकतो. "निकॉनची बॉडी आहे, सोबत दोन लेन्स फुकट." ऐकायला सौदा बरा वाटतो. पण घरी आणल्यावर कळतं, लेन्स बसली खरी, फोटो मात्र सगळे धूसर. पैसे गेले आणि लग्नाची ऑर्डरपण गेली. असं का होतं ते समजायला या कंपनीचा थोडा इतिहास बघावा लागतो.

निकॉन ही जपानची कंपनी. 1917 साली टोकियोत ती सुरू झाली, तेव्हा नाव होतं निप्पॉन कोगाकू. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानी सैन्यासाठी दुर्बिणी आणि भिंगं बनवणं हे तिचं मोठं काम. युद्ध संपलं, सैन्याचं काम गेलं, तेव्हा कंपनी साध्या गिऱ्हाइकाकडे वळली. 1948 ला पहिला निकॉन कॅमेरा आला. 1950 च्या कोरिया युद्धात अमेरिकन फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन यांनी निकॉनच्या निक्कोर लेन्स वापरल्या आणि जगात तिचं नाव झालं.

खरी गोष्ट घडली 1959 साली. निकॉन एफ नावाचा कॅमेरा आला आणि त्याला लेन्स अडकवायचं जे तोंड होतं, ज्याला माउंट म्हणतात, ते कंपनीने पुढे साठ वर्षं बदललं नाही. रोल गेला, डिजिटल आलं, तोंड तेच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ट्रॅक्टर बदलला तरी मागची थ्री पॉइंट लिंकेज तीच राहिली, जुना नांगर नव्या ट्रॅक्टरला जोडता येतो. पण रोटावेटर जोडला आणि ट्रॅक्टरला पीटीओच नसेल तर तो फिरणार कसा? निकॉनमध्ये नेमकी हीच फसगत होते.

रोलच्या काळातला 1982 चा एफएम2 हा कॅमेरा अजून अनेकांना आठवतो. पूर्ण यांत्रिक. आतले दोन बारीक सेल फक्त उजेड मोजायला, ते संपले तरी शटर पडतंच. 36 फोटोंचा रोल, फोकस हाताने, आणि फोटो कसा आला ते रोल धुतल्यावरच कळायचं. 1986 च्या एफ-501 पासून निकॉनने बॉडीतच ऑटोफोकस दिला. त्यासाठी मोटर बॉडीत बसवली होती, ती एका बारीक स्क्रूने लेन्स फिरवायची.

डिजिटलची सुरुवात निकॉनच्याच बॉडीवर झाली, पण दुसऱ्याच्या हातून. 1991 ला कोडॅकने निकॉन एफ3 ची बॉडी घेऊन त्यात 1.3 मेगापिक्सेलचा सेन्सर बसवला. फोटो साठवायचं यंत्र वेगळं, खांद्याला लटकवायचं. 1999 ला निकॉनने स्वतःचा डी1 काढला, 2.7 मेगापिक्सेलचा. 2006 ला कंपनीने बहुतेक रोलचे कॅमेरे बंद केले. 2008 चा डी90 हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर. त्यानंतर फोटोवाल्याच्या हातात शूटिंगपण आलं.

आता मुद्द्याचं. स्वस्त आणि हलक्या बॉडीतून निकॉनने ती मोटर काढून टाकली. डी40, डी60, डी3000 ते डी3500, डी5000 ते डी5600, यातल्या एकातही मोटर नाही. यांवर नुसतं "एएफ" किंवा "एएफ डी" लिहिलेली जुनी लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. वरातीत नाचणाऱ्या माणसांवर ते जमत नाही. या बॉडींना "एएफ-एस" सारखी लेन्स हवी, कारण तिच्यात मोटर लेन्समध्येच असते. डी80, डी90, डी7000, डी7200, डी750 यांत मोटर आहे, तिथे जुनी "एएफ" लेन्सही चालते. उलटंही होतं. नवी "एएफ-पी" लेन्स डी90 ला बसते, पण तिचा फोकसच होत नाही, हातानेसुद्धा नाही.

1977 च्या आधीची लेन्स असेल तर जपून. एफएम2 किंवा डी7000 वर ती जोराने फिरवली तर तोंडाच्या कडेचा बारीक खटका मोडू शकतो. आणि रोलच्या काळातली 50 ची लेन्स डी90 सारख्या लहान सेन्सरच्या बॉडीवर 75 सारखी दिसते. घरातल्या छोट्या खोलीत हळदीचा ग्रुप फोटो काढायला मागे सरकायला जागाच उरत नाही.

2018 ला झेड6 आणि झेड7 आले आणि तोंड अखेर बदललं. आतला आरसा काढला. लेन्सच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर 46.5 मिलिमीटर होतं, ते 16 वर आलं. जुनी लेन्स लावायला कंपनीचा एफटीझेड अडॅप्टर मिळतो. त्यावर "एएफ-एस" चा ऑटोफोकस चालतो, "एएफ डी" चा नाही.

म्हणून पैसे मोजण्याआधी लेन्सवरची अक्षरं वाचायची. आपल्याकडच्या बॉडीवर ती लावून शटरचं बटण अर्धं दाबायचं, फोकस लागतो का बघायचं. मग लेन्स काढून उजेडाकडे धरायची. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. तसं दिसलं तर फुकट मिळाली तरी ती लेन्स चांगल्या लेन्सच्या बॅगेत ठेवायची नाही.