आधी गाडी गप्प करा

१९६५ ची एमजीबी. दोघांपुरती उघडी गाडी, लांब नाक, तारांची चाकं. डॅशबोर्डच्या मधोमध एक आडवी झाकणपट्टी, तिच्यावर ‘एमजी’चं चिन्ह. पट्टीमागे नुसती पोकळी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बऱ्याच गाड्या अशाच पट्टीसकट बाहेर पडत, कारण रेडिओ ही वेगळे पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. १९६२ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा हीटरसुद्धा जास्तीच्या पैशांचाच होता, आणि तोही इंग्लंडात!

तेव्हा ‘माझ्या गाडीत मूळचा कोणता रेडिओ होता?’ या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा ‘कोणताच नाही’ असं असतं. रेडिओ बसवायचा विक्रेता, नाहीतर मालक स्वतः. म्हणून प्रश्न जरा बदलून विचारावा: ज्या वर्षी गाडी विकली गेली त्या वर्षी दुकानातल्या माणसाने कपाटातून कोणता सेट काढला असता? गाडी नेमकी कधी बांधली गेली याचा दाखला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळतो. तिथे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. तारीख हातात आली की अर्धा शोध संपला.

त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांत सर्वांत ओळखीचं नाव रेडिओमोबाइल. घड्याळं आणि मीटर बनवणारी स्मिथ्स आणि ग्रामोफोनवाली एचएमव्ही यांनी मिळून काढलेली ही कंपनी. पोर्शेत ब्लाउपुंक्ट, मर्सिडीजमध्ये बेकर, तसं इकडे रेडिओमोबाइल. पण कंपनीपेक्षा पिढी महत्त्वाची. पन्नाशीच्या दशकातले सेट व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हला दोनशे-अडीचशे व्होल्ट लागतात आणि गाडीत असतात बारा. मग आत व्हायब्रेटर नावाची एक पत्ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरायची, सरळ प्रवाह तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला द्यायची, आणि व्होल्ट वाढायचे. रेडिओ लावला की आधी ती गुणगुण आणि मग, व्हॉल्व्ह तापल्यावर, आवाज. आपल्या घरच्या मर्फीलाही तापायला वेळ लागायचाच. दशक संपता संपता अर्धे व्हॉल्व्ह, अर्धे ट्रान्झिस्टर असे मिश्र सेट आले, आणि साठीच्या दशकात पूर्ण ट्रान्झिस्टरचे. १९६५ च्या गाडीला हा शेवटचा प्रकार शोभतो. कॅसेटची खाच असलेला सेट मात्र तिला शोभणार नाही, दिसायला कितीही देखणा असो.

मी माझा सेट ब्यूलीला घेतला. हॅम्पशरमधल्या या गावी १९६७ पासून जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. आपल्या पुण्याच्या जुन्या बाजाराची सवय असेल तर इथे हात आपोआप चालतो: जमिनीवर पथारी, त्यावर गंजलेले दिवे, कार्बोरेटर, आणि केळ्यांच्या खोक्यात सात-आठ रेडिओ. विकणारा सांगतो, ‘घरून निघताना चालत होता.’ त्यावर विश्वास ठेवू नये, पण वादही घालू नये. सेट उलटा करून बघावा. मुठी बसतात ते दोन्ही दांडे वाकलेले नाहीत ना, दांड्यांवरच्या चकत्या आणि नट जागेवर आहेत ना, मागे एरियलचं भोक गंजलेलं नाही ना. नट हरवले तर त्या आट्यांचे पुन्हा मिळणं जिकिरीचं. मग पाच बटणं एकेक दाबावीत. प्रत्येक दाबाला काटा सरकून आपल्या ठरलेल्या जागी थांबला पाहिजे. हे सगळं यंत्राचं काम आहे, विजेचं नव्हे: बटण एक पट्टी ढकलतं, पट्टी कॉइलच्या पोटातले फेराइटचे गाभे आत-बाहेर सरकवते. घरच्या रेडिओत स्टेशन लावताना पातळ पत्र्यांची पानं फिरत. गाडीच्या हादऱ्यात ती पानं थरथरली असती, म्हणून इथे ही गाभ्यांची युक्ती.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जी डबा उलटा करून लगेच कळतेच असं नाही. १९६७ च्या अखेरीपर्यंत एमजीबी पॉझिटिव्ह अर्थची होती. म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं, आणि तारांमधून फिरतं ते ऋण. आपल्याला सवय नेमकी उलटी. रेडिओचा पत्र्याचा डबा आतल्या सर्किटच्या एका टोकाला जोडलेला असतो, आणि तो डबा ब्रॅकेटने गाडीच्या पत्र्याला टेकतो. एरियलच्या तारेची बाहेरची जाळीही तिथेच टेकते. निगेटिव्ह अर्थचा सेट या गाडीत लावून त्याच्या तारा ‘हुशारीने’ उलट्या जोडल्या, तर पहिला स्क्रू आवळताच बॅटरीची दोन्ही टोकं एकमेकांना भेटतात. फ्यूज असेल तर फ्यूज जातो. नसेल तर डॅशबोर्डखालून धूर.

बऱ्याच सेटांवर ध्रुव बदलायची सोय होती, उलटी बसवता येणारी जोडणी किंवा आतली एखादी पट्टी. लेबल असेल तर वाचावं, पण साठ वर्षांत कोणी काय बदललं असेल ते लेबल सांगत नाही. खात्रीचा मार्ग झाकण उघडून. वीजपुरवठ्याजवळचा सर्वांत मोठा कंडेन्सर शोधा आणि त्याचं कोणतं टोक डब्याला जोडलं आहे ते मीटरने तपासा. धन टोक डब्याला असेल तर सेट पॉझिटिव्ह अर्थचा.

काही जण याच्या उलट वाटेने जातात: रेडिओसाठी आख्खी गाडीच निगेटिव्ह अर्थची करतात. करता येते. पण बॅटरीच्या तारा बदलून काम भागत नाही. डायनॅमोला नव्याने ध्रुव द्यावा लागतो, इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर असेल तर त्याच्या आतली जोडणी फिरवावी लागते, इग्निशन कॉइलच्या तारा बदलाव्या लागतात. माझ्या मते हा सुनेसाठी घर पाडण्याचा प्रकार झाला. योग्य ध्रुवाचा सेट सापडेपर्यंत थांबावं. झाकणपट्टी काही वाईट दिसत नाही.

घरी आणलेला सेट थेट गाडीत लावायचा नाही. टेबलावर, बारा व्होल्टचा आणि प्रवाहाला मर्यादा घालता येणारा पुरवठा लावून आधी तपासायचा. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, कारण भाराविना शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. स्पीकरचे ओहमही बघून घ्यावेत. आठ ओहमच्या सेटवर चार ओहमचा स्पीकर चढवला की तो मोठ्याने गातो, पण फार दिवस नाही.

माझ्या सेटमधून नुसता श्वास ऐकू येत होता, स्टेशन एकही नाही. आत तीन एएफ ११७ जातीचे ट्रान्झिस्टर होते, जर्मेनियमचे, चार पायांचे, बारक्या टोपणाएवढे. या जातीचा एक आजार जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. ट्रान्झिस्टरच्या डबीला आतून कथलाचा मुलामा असतो आणि त्या कथलाला वर्षानुवर्षं केस फुटतात. केस म्हणजे खरोखर केसच, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, धातूचे. ते वाढत वाढत आतल्या तारेला टेकतात आणि ट्रान्झिस्टर डबीशी शॉर्ट होतो. चौथा पाय त्या डबीचा, तो अर्थला जोडलेला. तो एक पाय कातरला की डबी अधांतरी राहते, केस टेकलेलेच राहतात, पण बिघडवणार काही नाही. तिन्ही ट्रान्झिस्टरचे ते चौथे पाय कापले. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा पाय तुटला त्या क्षणी टेबलावरच्या स्पीकरमधून एक बाई हवामान सांगायला लागली. मग वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले आणि सेट गाडीत न्यायला तयार झाला.

बसवणं त्या मानाने सोपं. डॅशबोर्डमधली जागा साधारण सात इंच बाय दोन इंचाची. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत हेच माप चालायचं. सेट मागून वर सरकवायचा, दोन दांडे पुढे काढायचे, दर्शनी पट्टी लावायची, नट आवळायचे. एवढ्यावर सोडू नये: मागच्या बाजूला लोखंडी पट्टीचा आधार द्यावा, नाहीतर सगळा भार दोन नटांवर येतो आणि खड्ड्यागणिक पुढचा भाग लवतो. स्पीकर खालच्या जाळीमागे. वीज घ्यायची ती फ्यूजबॉक्समधल्या हिरव्या तारेच्या टोकावरून. लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे किल्ली फिरवल्यावर आणि फ्यूजमधून येणारी. तपकिरी तार कायम जिवंत आणि फ्यूजविना, तिच्या वाटेला जाऊ नये. गाडीचा फ्यूज ३५ अँपिअरचा, म्हणजे रेडिओच्या दृष्टीने नसल्यासारखा. म्हणून रेडिओच्या तारेत स्वतःचा दोन अँपिअरचा फ्यूज घालावाच.

एरियल पुढच्या मडगार्डवर. भोक पाडताना जीव कासावीस होतो, होऊ द्या. महत्त्वाचं पुढे आहे: मडगार्डच्या खालच्या अंगाचा रंग खरवडून एरियलचे दात उघड्या पत्र्यात रुतले पाहिजेत. तिथे अर्थ धरली नाही तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. एरियलची तार लांब वाटली म्हणून कापू नये, गुंडाळून ठेवावी. त्या तारेची विद्युतधारिता धरूनच सेट जुळवायचा असतो. त्यासाठी डब्याला एक बारीक भोक असतं आणि आत ट्रिमरचा स्क्रू. मीडियम वेव्हच्या वरच्या टोकाला, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, एखादं क्षीण स्टेशन पकडायचं आणि स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वांत मोठा होईल तिथे थांबायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि बहुतेक लोक तेवढंच विसरतात.

यानंतर मी इंजिन चालू केलं आणि रेडिओ ऐकू येईनासा झाला.

इथून खरं काम सुरू होतं. मीडियम वेव्हचा रेडिओ हा ठिणगी पकडायचं उत्तम यंत्र आहे, आणि जुनी गाडी म्हणजे ठिणग्यांचा कारखाना. पहिल्यांदा एरियलची पिन काढून बघावी. गोंगाट थांबला तर तो हवेतून एरियलमार्गे येतोय. तसाच राहिला तर विजेच्या तारेतून. मग कान लावावा. वेगाबरोबर वाढणारी कडकड ही इग्निशनची. वेगाबरोबर चढणारी, डासासारखी भुणभुण डायनॅमोची. दोन्हींत गल्लत होत असेल तर रेडिओला तात्पुरती थेट बॅटरीची तार द्यायची, इंजिन वेगात फिरवायचं आणि किल्ली बंद करायची. कडकड त्या क्षणी मरते. भुणभुण मात्र इंजिन थांबेपर्यंत सूर उतरवत उतरवत जाते.

डायनॅमोवर एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावायचा, पण मोठ्या टर्मिनलवर. ‘एफ’ लिहिलेल्या छोट्या टर्मिनलवर कदापि नाही, तिथे लावला तर रेग्युलेटरचं वाटोळं होतं. कॉइलवरही तसाच एक, किल्लीकडून वीज येते त्या ‘एसडब्ल्यू’ टोकाला. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला लावला तर ठिणगीच मंदावते. प्लगच्या तारा शुद्ध तांब्याच्या असतील तर रोध असलेल्या टोप्या बसवाव्यात. आणि बॉनेट ते बॉडी एक अर्थची पट्टी, म्हणजे बॉनेट इंजिनावरचं खरं झाकण होईल.

एवढं झाल्यावर शांतता. आता त्या शांततेत ऐकायचं काय? डायलवर आकडे मीटरमध्ये आहेत. २०८ म्हणजे रेडिओ लक्झेंबर्ग, ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं ते २४७ वर. रेडिओ सिलोन धुंडाळत वाढलेल्या पिढीला मीटरचा हिशेब शिकवायला नको: तीन लाखाला मीटरने भागा, किलोहर्ट्झ मिळतात. तेव्हा ब्रिटनमध्ये गाडीतल्या रेडिओला वेगळं लायसन लागे, आपल्याकडच्यासारखंच पोस्टातून. फेब्रुवारी १९७१ मध्ये ते रद्द झालं. मीडियम वेव्ह इथे आता ओस पडत चालली आहे. कोणी जुन्या डब्यात आधुनिक एफएमची यंत्रणा भरून घेतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण मग त्या डब्याला रेडिओ कशाला म्हणायचं, ती झाकणपट्टीच.

माझं पहिलं बटण ६४८ किलोहर्ट्झवर लावलं आहे, डायलवर साधारण ४६३ मीटर. तिथे रेडिओ कॅरोलाइन लागतं. १९६४ साली समुद्रातल्या जहाजावरून, विनापरवाना सुरू झालेलं हे स्टेशन २०१७ पासून रीतसर परवान्याने मीडियम वेव्हवर आहे. लोखंडी पुलाखाली शिरलो की गाणं बुडतं, बाहेर आलो की वर येतं.

एक आवाज तेवढा राहिला. गाडीच्या मागच्या अंगाला एसयू कंपनीचा विजेचा पेट्रोल पंप आहे, त्याच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. किल्ली फिरवली की रेडिओत टिक टिक टिक ऐकू येते, मग मंदावते आणि थांबते, म्हणजे दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या. तिथेही एक कंडेन्सर लावता येतो. तो आणून ठेवलाय, हत्यारांच्या पेटीत आहे. टिकटिक थांबली की मी स्टार्टर मारतो.