स्त्रीकारक संप्रेरक-चिकित्सा : वैद्य व औषधविक्रेत्यांनी जाणावयाचे

२०१८ साली बीड जिल्हा पोलीस दलातील ललित साळवे यांच्या शस्त्रक्रियेमुळे लिंगबदलाचा विषय आपल्या जिल्ह्यात उघडपणे चर्चिला गेला. तो प्रवास पुरुषत्वाकडे होता. प्रस्तुत लेखात आम्ही पारलिंगी स्त्रिया घेत असलेल्या संप्रेरकांचा विचार करीत आहोत. कारण अशा रुग्ण खोकला, मूत्रदाह यांसाठी आपल्याकडेही येतात आणि चालू गोळ्यांविषयी सहसा आपणहून बोलत नाहीत.

या चिकित्सेत इस्ट्राडायॉल व त्यासोबत टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव घटविणारे स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन दिले जाते. तीन ते सहा महिन्यांत स्तनवृद्धीस आरंभ होतो, त्वचा मृदू होते, मेदाची ठेवण बदलते, मांसबल घटते. आवाज मात्र बदलत नाही, दाढीही पूर्णतः जात नाही. प्रजननक्षमता कायमची नष्ट होऊ शकते.

मुख्य धोका शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा. धूम्रपानाने तो वाढतो. ‘माला-डी’सारख्या गर्भनिरोधक गोळ्यांतील इथिनिल इस्ट्राडायॉल याबाबत अधिक घातक असल्याने या चिकित्सेसाठी ते वर्ज्य मानले जाते. परंतु चिठ्ठीविना व स्वस्तात मिळतात म्हणून याच गोळ्या अनेकींकडून एका वेळी अनेक घेतल्या जातात. अशी मागणी आल्यास औषधविक्रेत्यांनी हेटाळणी न करता धोका समजावून सांगावा व तज्ज्ञाकडे पाठवावे.

एका पोटरीस सूज व वेदना असल्यास केवळ शोथ किंवा वातव्याधी समजून अभ्यंग, मर्दन करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. धाप लागणे, छातीत दुखणे ही लक्षणे दिसताच जिल्हा रुग्णालय वा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावे.

स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातील पोटॅशियम वाढते. अशा रुग्णास मूत्रदाहासाठी श्वेतपर्पटी किंवा यवक्षार दिल्यास त्यात भर पडून हृदयगती बिघडू शकते. कारण श्वेतपर्पटीत सोरा असतो, व सोरा आणि यवक्षार दोन्ही पोटॅशियमयुक्त आहेत. उन्हाळ्यातील जलक्षयाने हा धोका वाढतो. उलटपक्षी ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. शतावरी ही इस्ट्राडायॉलची जागा घेऊ शकत नाही. तसे आश्वासन देऊ नये.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी आवश्यक असते. ती झाली काय, हे आपण विचारावे. नाडी पाहण्यापूर्वी ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न प्रत्येकास आदराने व एकांतात विचारला, तर पुष्कळ अनर्थ टळेल, असे आम्हांस वाटते.