विश्लेषण : दिसायला शहर, कारभार ग्रामपंचायतीचा… पाणी, कचरा, अग्निशमनाची जबाबदारी कोणाची?

महामार्गालगत बहुमजली इमारती उभ्या राहतात, दुकाने आणि शाळा येतात. पण कचरा ओढ्याकाठी पडतो आणि आग लागली तर बंब शेजारच्या शहरातून येतो. मोठ्या शहरांच्या वेशीवरील अशा अनेक वस्त्या सरकारदरबारी अजून ‘गाव’ आहेत. त्याचा रोजच्या नागरी सुविधांवर काय परिणाम होतो?

जनगणना शहर म्हणजे काय?

किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरील कामात, या तीन अटी पूर्ण करणाऱ्या गावाला जनगणना विभाग ‘जनगणना शहर’ म्हणतो. देशात २००१ मध्ये अशी १,३६२ ठिकाणे होती, २०११ मध्ये ती ३,८०० च्या पुढे गेली. महाराष्ट्रात २०११ मध्ये ही संख्या सुमारे २८० होती. मात्र ही नोंद फक्त मोजणीपुरती असते. तिने ग्रामपंचायतीची नगरपंचायत होत नाही. तो निर्णय राज्य सरकारचा.

पाण्याचा हिशेब कुठे चुकतो?

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई, दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी योजना आखताना ते १३५ लिटर धरले जाते. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला गावात २२० लिटर, तर शहरात ५४० लिटर. फ्लश आणि वॉशिंग मशीन असलेल्या सदनिकेची गरज शहरी असते, पण योजना ग्रामीण मापाची. मधली तूट विंधन विहीर आणि टँकर भरून काढतात आणि त्याचे पैसे सोसायटीच्या मासिक खर्चात जातात. उन्हाळ्यात विंधन विहीर आटली की टँकरच्या फेऱ्या वाढतात.

ग्रामपंचायतीकडे पैसा येतो कुठून?

घरपट्टी आणि पाणीपट्टी हे स्वतःचे उत्पन्न, त्यावर वित्त आयोगाचा निधी. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवली होती. अडचण वेगळीच आहे. या वाटपासाठी लोकसंख्या धरली गेली ती २०११ ची. त्यानंतर उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांतील रहिवासी या हिशेबात नाहीतच. दहा वर्षांत लोकसंख्या दुप्पट झालेल्या गावालाही निधी जुन्याच डोक्यांच्या मोजणीवर.

परवानगी एकाची, सेवा दुसऱ्याची?

पुणे महानगर प्रदेशात बांधकामाची परवानगी पीएमआरडीए देते, विकास शुल्कही तिथेच भरले जाते. इमारतीत लोक राहायला आले की पाणी, गटार आणि कचऱ्याची तक्रार घेऊन ते ग्रामपंचायतीत जातात. परवानगी देताना त्या गावात पुरेसे पाणी आहे का, सांडपाणी कुठे जाणार, याचे उत्तर रोज द्यावे लागते ते सरपंचाला.

कचऱ्याबाबत कायदा स्पष्ट होता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जनगणना शहरांच्या ग्रामपंचायतींवरही कचरा वेगळा करून गोळा करण्याची आणि त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली. पण प्रक्रिया प्रकल्पाला जागा, यंत्रे आणि कुशल माणसे लागतात. अग्निशमनाचे तर नावच नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या १८ विषयांत, अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ती नाही.

मग नगरपंचायत झाली की प्रश्न सुटतो?

तसे नाही. नगरपंचायतीला मुख्याधिकारी मिळतो, विकास आराखडा होतो, शहरी योजनांचा निधी खुला होतो. तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचा निर्णय राज्याने २०१४ मध्ये घेतला, तो याच अपेक्षेने. मात्र ग्रामसभा संपते आणि कारभाऱ्यांना समोर बसवून जाब विचारण्याचा हक्कही तिच्याबरोबर जातो. ग्रामीण घरकुलासारख्या योजनांतून नाव बाहेर पडते. त्याच हद्दीत राहणाऱ्या शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांना याची झळ आधी बसते.

महापालिकेत जाण्याचा अनुभवही सरळ नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. मिळकतकर वाढला, सुविधा मात्र मिळाल्या नाहीत, अशी तक्रार वाढत गेली आणि २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे २००२ मध्ये महापालिकेतून वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. दरम्यान बांधकामे थांबली नाहीत.

रहिवाशांनी काय पाहावे?

हद्द बदलण्यापूर्वी सरकार अधिसूचनेचा मसुदा काढते आणि हरकती व सूचनांसाठी किमान ३० दिवस देते. त्या काळात चर्चा बहुतेकदा घरपट्टी किती वाढेल यावरच अडते. त्याबरोबर चार प्रश्न लेखी विचारायला हवेत : पाण्याचा स्रोत कोणता आणि दरडोई किती लिटर? सांडपाणी कुठे सोडणार? कचऱ्याची जागा कोणती? जवळचे अग्निशमन केंद्र किती किलोमीटरवर? हेच प्रश्न आजच्या ग्रामसभेतही विचारता येतात आणि गावाच्या विकास आराखड्यात त्यांची नोंद करून घेता येते. सदनिकाधारक मतदार असूनही ग्रामसभेला क्वचित जातात, त्यामुळे आराखडा जुन्या गावठाणापुरता राहतो.

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हा जनगणना शहरांची यादी लांबेल हे उघड आहे. नव्या मोजणीने निधीचा हिशेब सुधारू शकतो. पण गाव राहिले काय किंवा शहर झाले काय, इमारतीला परवानगी देणारा आणि तिला पाणी पुरवणारा यांचा हिशेब एकत्र मांडला गेला नाही, तर दारातील पाटी तेवढी बदलेल. टँकर तोच राहील.