गज, चिंधी आणि आजोबांची बंदूक

खंडेनवमीला शिरूर तालुक्यातल्या मामांच्या ओसरीवर कोयते, विळे, ट्रॅक्टरचे पाने यांच्या रांगेत शेवटी एकनळी बाराबोर मांडली जाते. झेंडू तिलाही मिळतो, पण कुंकू नळीला लावायचं नाही, दस्त्याच्या लाकडाला टेकवायचं, असा मामांचा दंडक. ओलं कुंकू लोखंडावर रात्रभर राहिलं की सकाळी तिथं तांबूस डाग दिसतो. जुनी बंदूक बार काढून झिजते त्याहून जास्त ती नुसती पडून सडते, हे मी त्या ओसरीवर शिकलो.

घोडनदीकाठचं बंदुकीशी नातं जुनं आहे. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. कंपनीच्या शिपायाच्या हाती तेव्हा ‘ब्राउन बेस’ असे: पाऊण इंची नळी, चकमकीचा चाप. ठिणगी कानाशी, म्हणजे नळीच्या मागच्या छिद्राशी, ठेवलेल्या रंजकीवर पडायची, मग आतला बार उडायचा. काळी दारू जळाली की नळीत क्षार उरतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. म्हणून ठासणीची बंदूक नुसती पुसून भागत नाही, ती धुवावी लागते. आधी कढत पाणी, मग कोरडी चिंधी, तेल सगळ्यात शेवटी. घाईनं तेल आधी चोपडलं तर क्षार त्याखाली निवांत आपलं काम करत राहतात.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला लगाम घातला. उसातल्या बिबट्यासाठी वनखात्याला फोन करायचा, बंदूक काढायची नाही. त्यामुळे अशा बंदुका खुंटीवर गेल्या, आणि त्यातली एखादी भरलेलीच असायची. जुन्या माणसांची परीक्षा सोपी होती: गज नळीत अलगद सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग खूण तोंडाशीच धरून तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. गजाचं टोक कानापर्यंत न पोचता अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. तिथं हात थांबवायचा आणि परवानाधारक कारागिराला बोलवायचं.

दौंडच्या पोलिसी बंदुकांची गोष्ट वेगळी. तिथं राज्य राखीव पोलीस बलाचे गट ५ आणि ७ आहेत. पोलिसांच्या कैक पिढ्या ज्या .३०३ वर घडल्या, त्या ली-एनफिल्डच्या दस्त्यातच एक कप्पा असतो. त्यात पितळी तेलकुपी आणि पुल-थ्रूची दोरी. दोरीच्या फासात चार इंच बाय दोन इंचाची चिंधी अडकवायची आणि पाठीमागून तोंडाकडे एका दमात ओढायची. बोल्टवरचा नंबर रायफलच्या नंबराशी जुळलाच पाहिजे, कारण दहा रायफली एकदम उघडल्या आणि बोल्ट बदलले तर काडतुसामागची जागा कमी-जास्त होते. घरच्या हौशी माणसाकडे ही शिस्त नसते. माझ्याकडे तरी नव्हती.

कॉलेजात असताना मी मामांच्या बंदुकीचं कुलूप उघडायला गेलो. बाराबोर मुळात तीन तुकड्यांत सुटते: पुढचं लाकूड, नळी आणि दस्ता. घरी एवढंच सोडवायचं असतं. मला आतला घोडा पाहायचा होता. शिलाई मशीनचा पेचकस खाचेत बसला नाही, निसटला, आणि कोरीव पत्र्यावर दीड इंचाचा ओरखडा उठला. मामा काही बोलले नाहीत. दर खंडेनवमीला तो ओरखडा माझ्याकडे वळवून बंदूक ठेवतात, इतकंच. दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, नळी कापून आखूड करायलाही लागतो, हे मला पुढं कळलं.

बाकी शत्रू घरातलेच. खोबरेल तेल थंडीत थिजतं आणि घोडा जड होतो, म्हणून ते नको. लाकडाला जवसाचं तेल, लोखंडाला पातळ मशीन ऑइल, तेही पुसून उरेल तेवढंच. कातडी पिशवी दिसायला देखणी, पण पावसाळ्यात ती ओल धरते. निवडणुकीत आचारसंहितेसाठी जमा केलेली बंदूक एकदा परत आली तेव्हा नळीत लाल भुकटी होती. तेव्हापासून मामा जमा करण्याआधी तेलाचा हात जरा जाडच देतात.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. लग्नात आनंदानं बार उडवून कुणाच्या जिवाशी खेळलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुठल्याच उपायानं चालू होणार नाही अशी कालबाह्य बंदूक मात्र कायद्याबाहेर राहते, पण ते आपण घरबसल्या ठरवू नये.

तुमच्या घरी आजोबांची बंदूक असेल, आजोबा गेले असतील आणि परवाना अजून त्यांच्याच नावावर असेल, तर तेलाची बाटली नंतर शोधा. आधी ती जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज द्या.