संगणकीय क्षमतेचे हंगामी नियोजन : तंजावूरच्या निमित्ताने

तंजावूर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजी राजांचे घराणे, सरफोजी राजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि तेथील मोडी कागदपत्रे आठवतात. तामिळनाडूच्या दृष्टीने मात्र तंजावूर हे प्रथमतः भाताचे कोठार आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या जिल्ह्याचे अर्थकारण भातशेतीच्या हंगामांवर चालते. पीक विम्याची नोंदणी, धान खरेदी, नुकसानभरपाईचे वाटप ही कामे आता संगणकीय नोंदींवर अवलंबून असल्यामुळे शेतीच्या हंगामाचा भार संगणकांवरही पडतो. या सेवांना किती संगणकीय क्षमता द्यावी आणि ती केव्हा परत घ्यावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो सार्वजनिक साधनांच्या वाटपाचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

आभासी संगणक म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक खात्याच्या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर खरेदी केला जाई. त्यांपैकी अनेक सर्व्हर बहुतांश वेळ जवळजवळ रिकामे चालत. एकाच मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक स्वतंत्र भाग पाडणे हा त्यावरील उपाय होता. या प्रत्येक भागाला व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी संगणक म्हणतात. त्याला ठरावीक प्रोसेसर, ठरावीक मेमरी आणि ठरावीक साठवण दिलेली असते. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी ही सोय बाजारात आणली होती. २००६ मध्ये ॲमेझॉनने असे संगणक तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि तिला व्यापक व्यापारी रूप आले.

आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने हैदराबाद, पुणे, दिल्ली व भुवनेश्वर येथे राष्ट्रीय डेटा सेंटर उभारली. २०१४ मध्ये ‘मेघराज’ उपक्रमाखाली राष्ट्रीय क्लाऊड सेवा सुरू झाली. त्यामुळे सर्व्हर खरेदीसाठी लागणारे महिने वाचले आणि आभासी संगणक अल्पावधीत मिळू लागला. परंतु मिळणे सोपे झाले, तसे गरजेपेक्षा अधिक मागणेही सोपे झाले.

अधिक मागण्यामागचे अर्थशास्त्र

खात्याचा अधिकारी गरजेच्या दुप्पट-तिप्पट क्षमता मागतो, तेव्हा तो बेजबाबदारपणे वागतो असे नव्हे. त्याच्या स्थानावरून पाहता ते तर्कसंगत असते. सेवा बंद पडली तर जाब त्याला द्यावा लागतो. क्षमता वाया गेली तर सहसा कोणी विचारत नाही. क्षमता शासकीय डेटा सेंटरमधून विनामूल्य मिळत असेल, तर तिची खात्याला जाणवणारी किंमत शून्य असते. शिवाय एकदा सोडलेली क्षमता पुन्हा मिळविण्यासाठी नव्याने प्रस्ताव सादर करावा लागेल, ही भीती असतेच.

कालव्याच्या लाभक्षेत्रात हेच घडते. पुढचे आवर्तन वेळेवर मिळेल याची खात्री नसली की वरच्या भागातील शेतकरी हाती आलेल्या पाळीत गरजेपेक्षा अधिक पाणी घेतो आणि टोकाच्या शेतकऱ्याला ते अपुरे पडते. आभासी संगणकांच्या जगातही टोकाचा शेतकरी असतो. एका संगणकाला अवाजवी प्रोसेसर दिले, तर मूळ सर्व्हरवरील इतर संगणकांना आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. त्यामुळे कधी कधी अधिक प्रोसेसर दिलेला संगणकच मंद चालतो, कारण त्याच्या सर्व प्रोसेसरसाठी जागा शोधण्यात वेळ जातो.

सरासरीचा धोका

वापरानुसार क्षमता ठरवा, हा सल्ला योग्य आहे. पण वापर कसा मोजावा? तंजावूरसारख्या जिल्ह्यात याच प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व आहे. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याचा प्रघात १२ जूनचा आहे. तीन-चार दिवसांत ते कल्लणै बंधाऱ्यावर पोहोचते आणि त्रिभुज प्रदेशातील शाखांमध्ये वाटले जाते. कुरुवै हे अल्पमुदतीचे भात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते. सांबा हे दीर्घ मुदतीचे भात जानेवारी-फेब्रुवारीत. सांब्याच्या पीक विम्याची मुदत साधारणतः नोव्हेंबरच्या मध्यात येते. साहजिकच नोंदणीचा भार त्या आधीच्या पंधरवड्यात एकवटतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, अशा नोंदणीसाठी १६ प्रोसेसरचा आभासी संगणक दिलेला आहे. वर्षभराचा सरासरी वापर ६ टक्के, म्हणजे जेमतेम एक प्रोसेसर. केवळ सरासरी पाहणारा परीक्षक त्याला २ प्रोसेसर पुरेसे ठरवील. अधिक जाणकार परीक्षक ९५ टक्के वेळ भार ज्या पातळीच्या आत राहतो ती पातळी पाहील. ती २० टक्के, म्हणजे सुमारे ३.२ प्रोसेसर आहे असे मानू. प्रोसेसरचा वापर ७० टक्क्यांपेक्षा अधिक होऊ नये हे पथ्य पाळले, तर ५ प्रोसेसर लागतील.

दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. वर्षाचे ५ टक्के म्हणजे १८ दिवस. ९५ टक्क्यांच्या निकषाने जे १८ दिवस हिशेबाबाहेर ठेवले, त्यांतच विमा नोंदणीचा पंधरवडा येतो! त्या पंधरवड्यात वापर ५० टक्के, म्हणजे ८ प्रोसेसरपर्यंत जात असेल, तर ७० टक्क्यांच्या पथ्याने १२ प्रोसेसर हवेत. बारमाही चालणाऱ्या व्यापारी सेवेसाठी सोयीचा असलेला निकष शेतीच्या हंगामाला जसाच्या तसा लावला, तर ‘सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर नेमके मुदतीच्या दिवशी ऐकावे लागते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला खरीप विम्याच्या जुलैअखेरच्या मुदतीमुळे हे वेगळे सांगावयास नको. त्या दिवशी हुकलेली नोंदणी म्हणजे एका कुटुंबाचे हंगामभराचे संरक्षण हुकणे होय.

म्हणून मोजमाप हंगामनिहाय हवे. वरील उदाहरणात हंगामाच्या ३ महिन्यांसाठी १२ आणि उर्वरित ९ महिन्यांसाठी ६ प्रोसेसर ठेवले, तर वर्षाचा हिशेब ९० प्रोसेसर-महिन्यांचा होतो. बारा महिने १६ प्रोसेसर ठेवल्यास तो १९२ येतो. निम्म्याहून अधिक क्षमता मोकळी होते आणि गर्दीच्या दिवसांची सुरक्षितताही अबाधित राहते.

पंचांग पुरेसे नाही

अर्थात केवळ तारखा पाहून क्षमता वाढविणे-घटविणेही पुरेसे नाही. मेट्टूरचे पाणी २०२२ मध्ये २४ मे रोजीच सोडण्यात आले, तर २०२४ मध्ये त्यासाठी २८ जुलै उजाडला. दोन वर्षांत दोन महिन्यांहून अधिक अंतर पडले. पेरणी सरकली की नोंदणी व खरेदीची गर्दीही सरकते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाने त्रिभुज प्रदेशाला तडाखा दिला आणि तंजावूर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागांतील नारळबागा उद्ध्वस्त झाल्या. अशा आपत्तीनंतर मदतीच्या नोंदींचा जो ओघ सुरू होतो, त्याला कोणतेच पंचांग लागू पडत नाही.

यासाठी राखीव क्षमता हवी. पण ती प्रत्येक खात्याने आपापल्या संगणकात दडवून ठेवलेली नसावी, सर्वांसाठी सामाईक असावी. कावेरीच्या शाखांमध्ये कोल्लिडम ही प्रामुख्याने पुराचे पाणी वाहून नेणारी शाखा आहे. एरवी तिच्या पात्रातून तुलनेने थोडे पाणी वाहते, म्हणून ते पात्र कोणी निरुपयोगी म्हणत नाही. तथापि, प्रत्येक शेतकऱ्याने पुरासाठी स्वतःचा कोल्लिडम खोदावा असेही कोणी म्हणणार नाही.

सर्व कामांचा स्वभाव एक नसतो, हेही ध्यानी घ्यावे. हस्तलिखितांच्या प्रतिमा जतन करणाऱ्या ग्रंथालयाला साठवण भरपूर व प्रोसेसर थोडे लागतात. देयकांच्या याद्या रात्री तयार करता येतात. त्यांच्यासाठी दिवसाची क्षमता अडवून ठेवण्याचे कारण नाही. डेटाबेस उपलब्ध मेमरी स्वतःहून व्यापून ठेवतो. त्यामुळे भरलेली मेमरी पाहून ती अपुरी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

धोरणाची दिशा

पहिली गोष्ट म्हणजे, नव्या कामासाठी प्रारंभी माफक क्षमता मंजूर करून किमान एका पूर्ण हंगामाच्या मोजमापानंतर ती पक्की करावी. तोवर वाढीव मागणी तातडीने पुरविली जावी. दुसरी, प्रत्येक खात्याला दरमहा त्याने अडविलेली क्षमता, प्रत्यक्ष वापर आणि त्या क्षमतेचे मूल्य दाखविणारे विवरण द्यावे. वसुली केली नाही तरी केवळ आकडा समोर येण्याने वर्तन बदलू शकते. महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी मोजून देण्याची जी दिशा स्वीकारली, तिच्यामागील तत्त्व हेच आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, सोडलेली क्षमता मागताच काही तासांत परत मिळेल, अशी लेखी हमी खात्यांना हवी. हमी नसेल तेथे साठेबाजी होणारच.

दोन व्यावहारिक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. चालू आभासी संगणकाची क्षमता वाढविणे अनेकदा शक्य असते. घटविण्यासाठी मात्र तो बहुधा थोडा वेळ बंद करावा लागतो. ते काम पूर्वसूचना देऊन व हंगामाबाहेर करावे. दुसरे असे की, भाड्याच्या क्लाऊडमध्ये क्षमता घटविली की देयक लगेच घटते. स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये तसे होत नाही. तेथे मोकळ्या झालेल्या क्षमतेवर इतर कामे हलवून काही सर्व्हर प्रत्यक्ष बंद केले किंवा नवी खरेदी पुढे ढकलली, तरच बचत हाती येते. रिकामा चालणारा सर्व्हरदेखील बरीच वीज घेतो.

तेव्हा काटकसर आणि सेवेची खात्री ही परस्परविरोधी उद्दिष्टे नव्हेत. नऊ महिने जी क्षमता रिकामी पडून असते, तीच एकत्र केली तर नोव्हेंबरमधील त्या पंधरवड्यात कामी येते. भाताच्या खाचराला किती पाणी केव्हा द्यायचे हे तंजावूरचा शेतकरी पिकाची अवस्था पाहून ठरवितो. शासकीय संगणकांच्या बाबतीतही मंजुरीपूर्वी असेच पाहण्याची सवय प्रशासनाला लागली, तर त्याचा लाभ तिजोरीला होईलच. त्याहून अधिक तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला होईल.